अ‍ॅल्युमिनियम म्हणून फायबर गळ्यात मारलं, 4 लाख 95 हजार गेले

सगळं लिहितोय, फक्त त्या मिस्त्रीचं नाव लिहीत नाही, वकिलांनी हात जोडून सांगितलंय. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी फौंड्रीत पॅटर्न शॉपला (ओतकामाच्या साच्यासाठी नमुने करतात तिथं) 18 वर्षं काढलेला माणूस आणि मला गाडीच्या बॉडीला पत्रा म्हणून फायबर विकलं. बायको अजून अधूनमधून "पत्र्याचे साहेब, जेवायला या" म्हणती.

वडिलांची 1968 ची स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासला बनायची ती, 948 सीसीचं इंजिन, आणि मेन म्हणजे फियाटसारखी सगळी एकात एक बॉडी नाही, खाली वेगळी चासी आणि वर बोल्टनं बसवलेली बॉडी. चासी ठणठणीत, पण दारं आणि फ्लोअर आपल्या पावसानं खाऊन टाकलेले. तेव्हा ठरवलं की त्याच चासीवर जुन्या एमजीसारखी दोन सीटची उघडी गाडी करायची, पत्रा हातानं ठोकून. इंग्लंडात हेराल्डच्या चासीवर असल्या गाड्या लोकांनी केल्यात, माझं एकट्याचं खूळ नव्हतं. आणि लहानपणापासून दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघायला बापाच्या खांद्यावर बसून गेलेल्या माणसाला जुन्या गाडीचं वेड असणारच की.

पाव्हण्यातल्या एकानं ह्या मिस्त्रीचं नाव सांगितलं. हायवेलगत गॅरेज, बाहेर दोन जुन्या गाड्या उभ्या (त्या त्याच्या नव्हत्याच, नंतर कळलं). पहिल्याच भेटीत म्हणाला, "साहेब, बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात कॅमेरा हातानं बनवला, आपल्याला गाडी नाही जमणार?" आता ह्यावर कोल्हापूरचा माणूस काय बोलणार, मीच चहा मागवला. चहाचे पैसेपण मीच दिले, ते हिशोबात धरलेले नाहीत.

हिशोब असा. अ‍ॅडव्हान्स 1,50,000, बँकेतून. तारेचा सांगाडा करायचे, ज्यावर पत्रा लावून लावून आकार बघतात, त्याचे 90,000, तेपण बँकेतून. "इंपोर्टेड" अ‍ॅल्युमिनियमच्या 6 शीटचे 1,15,000, यूपीआयनं दोन दिवसांत. मग मुंबईहून इंग्लिश व्हीलचा (दोन चाकांमधून पत्र्याला गोलाई देणारं यंत्र) कारागीर येणार म्हणून 80,000 रोख, आणि कलरचे 60,000 रोख. रोखीच्या 1,40,000 ची चिठ्ठीसुद्धा नाही. रोख मागितली की उठून चालू पडा, मी बसलो.

शीटचं गणित मी नंतर केलं. 1.5 एमएमचं 8 बाय 4 चं अ‍ॅल्युमिनियम शीट साधारण 12 किलो भरतं, म्हणजे सहा शीटचा माल 72 किलो. भाव विचारायला उद्यमनगरात एक फोन पुरला असता. मी रोज किलोवर माल मोजणारा माणूस, आणि तो फोन केला नाही.

दर आठवड्याला तो व्हिडिओ पाठवायचा, चाकाच्या मधून पत्रा पुढं-मागं जातोय आणि हळूहळू मडगार्डची गोलाई येतीय, फक्त हात दिसायचे. मी ते व्हिडिओ मित्रांना दाखवले, नाद खुळा म्हणून शाबासकी घेतली. तीन महिन्यांनी मुलगी म्हणाली, "बाबा, मागं भिंतीवरचं सॉकेट बघा की." चपट्या पिनांचं. आपल्याकडं गोल पिना असतात. व्हिडिओ इंग्लंडचे!

पण हे सगळं सोडा. मला झोपू देत नाही ती फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. शेताकडं जाऊन आलो होतो, उसाची तोड चालू होती, येताना गॅरेजला थांबलो. दाराला, मडगार्डला मनसोक्त हात फिरवला, आत वाकून बघितलं. रात्री कोपरापर्यंत दोन्ही हात असे खाजायला लागले की खोबरेल तेल चोळलं तरी थांबेना. बायको म्हणाली, "काय लागलंय हो?" मी म्हणालो, "उसाचा पाला." अहो, लहानपणापासून मी उसात जातोय, पाला लागला की कापल्यासारखं चरचरतं, ही टोचरी खाज वेगळी होती, आणि मला ती माहिती होती! आमच्याकडं फायबरचे पॅटर्न येतात, घासताना पोरं पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात ते ह्याच खाजेसाठी. माझ्या अंगानं मला सांगितलं होतं आणि मी उसावर ढकललं. फायबरच्या रेझिनचा वासपण होता, त्याला मिस्त्रीनं प्रायमर म्हटलं, मी मान डोलावली. खिशात मॅग्नेट होता तो लावला, चिकटला नाही, तो हसून म्हणाला, "साहेब, अ‍ॅल्युमिनियमला कसा चिकटंल?" ते तर खरंच आहे ना! इथंच माणूस फसतो, अर्धवट माहिती असली की समोरच्याचं काम आपणच करतो. माझा धंदा ओतकामाचा आहे, पत्र्याचा नाही, हे लक्षात घ्या, पण तरीही.

दुसरं म्हणजे त्या गॅरेजात मी कधी ठोकायचा आवाज ऐकला नाही. अ‍ॅल्युमिनियम ठोकलं की कडक होतं, परत परत तापवून मऊ करावं लागतं, जुने कारागीर साबण चोळून तापवतात आणि साबण काळपट झाला की आच काढतात. गॅस कटरच्या नळ्यासुद्धा तिथं नव्हत्या. न सांगता जावा, आणि बाहेर उभं राहून पाच मिनिटं नुसतं ऐका.

मे महिन्यात बॉडी टेंपोतून घरी आली. उतरवताना डावं मडगार्ड गेटला लागलं. पत्रा असता तर पोचा आला असता. हे तडकलं, वर चोपडलेली बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, खपलीसारखी निघाली आणि आतनं पांढरे धागे लोंबायला लागले. टेंपोवाला म्हणाला, "दादा, ह्यो तर प्लॅस्टिकचा हाय."

पोलीस ठाण्यात गेलो, कुठल्या ते सोडा. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी "हा सिव्हिल मॅटर आहे." तिसऱ्या दिवशी "गॅरेज आमच्या हद्दीत येत नाही." दुसऱ्या ठाण्यात गेलो तर "पैसे तुमच्या घरातनं गेले ना, मग तिकडं." एकानं तर मला समजावलं, "फायबर चांगलं असतंय हो, गंजत नाही." म्हणजे मीच त्या मिस्त्रीचे आभार मानायला पाहिजेत! वकिलानं सांगितलं तेव्हा कळलं की भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवावा लागतो, आणि ठाण्यानं नाही घेतला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) खाली एसपींना लेखी पाठवता येतं. हे मला काउंटरवरच्या एकानं तरी सांगायला काय झालं होतं? लेखी पाठवलंय, पोच आहे, उत्तर नाही. बँक म्हणती तुम्ही स्वतः पाठवलेत. सायबर फसवणुकीच्या 1930 वर फोन केला, ते म्हणाले तुमचा व्यवहार समोरासमोरचा. प्रत्येक जण बरोबर, चुकलेला मी एकटा.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. दोन वर्षांची मुदत असती, बसून राहू नका. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असली तर फी नाही, म्हणजे पाच हजारानं माझा फायदाच झाला म्हणायचा.

आणि आता आणखी लाजेची गोष्ट. खरा पत्रा असता तरी गाडी रोडवर आली नसती. "आरसीचं मी बघतो" म्हणाला होता तो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, त्यावर 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, मूळ कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही. 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेजचं रजिस्ट्रेशन मिळतं, 20,000 फी आहे, पण ते मूळ रूपात जपलेल्या गाडीला. म्हणजे वडिलांची गंजकी हेराल्ड नीट करून घेतली असती तर तिला मिळण्यासारखं होतं. चासीला हात लावायच्या आधी हे विचारा, मिस्त्रीला नव्हे.

ती जुनी बॉडी त्यानं "भंगारात घातली" म्हणून सांगितलं. माझा विश्वास नाही. हेराल्डचं बॉनेट मडगार्डासकट एका तुकड्यात पुढं उघडतं, असली वस्तू कुणी किलोवर घालत नाही. कुठल्या गॅरेजात, बाजारात दिसलं तर आतनं वाकून बघा, डाव्या बाजूला वडिलांनी लाल ऑइलपेंटनं "श्री" काढलंय, वेलांटी जरा वाकडी आहे. दिसलं तर काहीही न बोलता फोटो काढा आणि मला कळवा.