पीट मॉसची पिशवी: वर्षभर वापरली, मग ते जिथून खणतात तसं गावही पाहून आली

मागच्या सप्टेंबरमध्ये नागपुरात गोकुळपेठेतल्या एका नर्सरीतून दहा लिटरची पीट मॉसची (दलदलीत साचलेलं शेवाळ, मातीऐवजी रोपांसाठी वापरतात) पिशवी घेतली, साडेचारशे रुपयाला, पेटुनियाच्या बियांसाठी. पिशवीवर लाटव्हिया, युरोपातल्या त्या देशाचं नाव, लिहिलेलं. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण तक्रार त्या ब्रँडची नाहीच आहे.

आधी चांगलं सांगते. पेटुनियाचं बी खसखशीहून बारीक, आपल्या काळ्या मातीत टाकलं की वरून पापडी धरते आणि बी आतच मरते, वरून आमचं बोअरचं पाणी जड, रोपं आली तरी पानं पिवळी पडतात. पीट आंबट असतं त्यामुळे ती भानगड झालीच नाही. हातात घेतलं तर ओल्या चहापत्तीसारखं, वजन काहीच नाही, बोटांना तपकिरी रंग लागतो. आठ-दहा दिवसांत ट्रे हिरवागार झाला, डिसेंबरमध्ये टेरेसवर असा बहर होता की शेजारच्या काकू रोज पाहायला येत होत्या.

उरलेली अर्धी पिशवी टेरेसवरच राहून गेली आणि मे महिन्यात उघडली तर कोरडी ठक्क. पाणी टाकलं तर आत जाईच ना, थेंब वरच्यावर गोळ्यांसारखे लोळून राहिले, कुंडीत भरलं तर पाणी कडेनं सरळ खाली निघून गेलं आणि मधलं पीट तसंच भुकटी. शेवटी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून हातानं चोळलं तेव्हा थोडं ओलं झालं. नागपूरच्या उन्हात ही सगळ्यात मोठी अडचण समजा, एकदा वाळलं की ते पाणी घ्यायलाच तयार होत नाही.

जूनमध्ये लेकीकडे जर्मनीत ब्रेमेनला गेली होती. तिला पिशवीचं सांगितलं तर म्हणाली, आई चल, तुला ते जमिनीत दाखवते. ब्रेमेनच्या उत्तरेला टॉयफेल्समोर नावाची अफाट दलदल होती. नावात सैतान आहे पण मूळ शब्द जुन्या बोलीत वांझ जमिनीसाठी होता, बोलता बोलता त्याचा सैतान झाला. शेवाळ पाण्यात कुजत नाही, थरावर थर साचतो, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, तेच पीट. म्हणजे माझ्या ट्रेमधला चार बोटांचा थर साचायला साठ-सत्तर वर्षं लागली असतील. हे ऐकून मी गप्पच झाली.

अठराव्या शतकात, इकडे नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं तेव्हा, तिकडे हॅनोव्हर नावाच्या जर्मन राज्याच्या सरकारनं या दलदलीत गावं वसवायला घेतली. फिनडॉर्फच्या वेळी हॅनोव्हरचा शासक म्हणजे इंग्लंडचाच राजा तिसरा जॉर्ज. हा फिनडॉर्फ, पूर्ण नाव युर्गेन क्रिस्टियान, हे काम पाहायचा, मूळचा सुतार माणूस, १७७१ मध्ये तो दलदलीचा कमिशनर झाला. आपल्याकडे भंडारा-गोंदियात कोहळी लोकांनी तलाव बांधून पाणी अडवलं आणि गावं जगवली, इथं उलट, पाणी काढल्याशिवाय गावच होत नव्हतं. आधी कालवा, मग कालव्याच्या काठानं एकेकाला लांबच लांब अरुंद पट्टा, करात काही वर्षं सूट, आणि पुढे तुमचं तुम्ही. राहायला शेवाळमातीच्या ढेकळांची झोपडी, आत ओल, धूर, आजारपण. उन्हाळ्यात पीटच्या विटा कापून वाळवायच्या आणि होडीत भरून ब्रेमेनला जळण म्हणून विकायच्या, एका होडीत पन्नास टोपल्या, त्या पैशावर घर चालायचं. वरचा थर जाळून राखेत बकव्हीट (कुट्टू) पेरायचे, पण काही वर्षांत जमीन थकून जायची. तिथली म्हण लेकीनं वाचून दाखवली: पहिल्याला मरण, दुसऱ्याला हाल, तिसऱ्याला भाकर. तीन पिढ्या! बाप्पा, आपल्या विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही वॉर्प्सवेडे गावी हामे नदीत तशाच काळ्या सपाट होडीतून फिरलो, तपकिरी शिडाची. कालव्यातलं पाणी वाहून जाऊ नये म्हणून जागोजागी लवचिक फळीचे बांध असायचे, भरलेली होडी माणसं त्यावरून ढकलून न्यायची. ग्रासबर्गचं चर्च पण पाहिलं, १७८९ चं, फिनडॉर्फनंच बांधलेलं. आत थंडगार. तिथं बसून मला ते भाकरीवाले तिसरे लोक दिसून राहिले, स्वच्छ कपडे घालून रविवारी आलेले.

त्या लोकांना मी कुठल्या तोंडानं चूक म्हणू, पोटासाठी खणलं त्यांनी. पण उपसलेली दलदल आजही वाळून खचून राहिली आहे आणि कार्बन सोडून राहिली आहे, जर्मनीच्या एकूण ग्रीनहाऊस गॅसपैकी साधारण ७ टक्के अशा वाळवलेल्या दलदलींतून येतो. मी तर फुलांसाठी घेतलं होतं.

म्हणून बियांसाठी प्रॉडक्ट उत्तम असूनही पाचपैकी दोनच स्टार देते. यंदा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणलं आहे, दोन-तीन पाण्यातून धुऊन क्षार काढून घ्या, त्यात थोडं गांडूळखत मिसळा, वाळलं तरी लगेच पाणी पिते. पानं पिवळी पडली तर पावसाचं साठवलेलं पाणी द्या, मी दोन ड्रम भरून ठेवले आहेत. उरलेलं पीट आता ओल्या फडक्यात गुंडाळून जिन्याखाली सावलीत ठेवलं आहे, पेटुनियाच्या एका ट्रेपुरतं होईल.