‘वेदर्ड बॅलास्ट’च्या पाकिटात फौंड्रीची लोखंडी ग्रिट: मॉडेल रेल्वेवाल्यांनो, चिकटवण्याआधी तपासा

‘अस्सल बेसॉल्ट, आधीच वेदर केलेला’ (म्हणजे जुनाट, मळका दिसणारा) असं सांगून आम्हाला एचओ (१:८७) स्केलच्या बॅलास्टची, म्हणजे रुळांखालच्या खडीची, जी अर्ध्या किलोची पाकिटं विकली गेली, त्यांत निम्म्याहून जास्त माल दगड नव्हताच. शॉटब्लास्टिंगमध्ये तुटून बाद झालेली लोखंडी ग्रिट दगडाच्या भुकटीत मिसळली होती. कोल्हापूर हे फौंड्र्यांचं गाव. शिरोली, गोकुळ शिरगावात कास्टिंग साफ करायला पोलादी शॉट मारतात आणि तो फुटून बारीक झाला की मशिनमधून बाहेर काढतात. रंग काळपट, दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, मधूनमधून तांबूस ठिपके. पाकिटातून बघितलं तर रुळांखालची जुनी खडीच वाटते. त्या तांबूस ठिपक्यांना विक्रेता ‘वेदरिंग’ म्हणत होता. तो गंज होता.

बॅलास्ट पक्का करताना आपण त्यावर आधी पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारतो, मग पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडतो. लोखंडाला गंजायला एवढं पाणी पुरतं. गोंद वाळेपर्यंत तपकिरी डाग वर येतात आणि स्लीपरवर पसरतात. पण खरं नुकसान इंजिनाचं होतं. डीसी मोटारीत कायमचं चुंबक असतं. सुटलेला प्रत्येक दाणा ते खालून ओढून घेतं, तो गिअरमध्ये आणि आर्मेचरभोवती (मोटारीच्या फिरत्या भागाभोवती) अडकतो. शिवाय इन्सुलेटेड जॉइंटची, म्हणजे वीज तोडायला रुळात ठेवलेली, फट जेमतेम मिलिमीटरभर असते. तिच्यात किंवा पॉइंटच्या (रूळ फुटतात त्या सांध्याच्या) फ्रॉगपाशी, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथे, दाणे साचले की शॉर्ट. डीसीसी (इंजिनं चालवायची डिजिटल पद्धत) असेल तर रुळांना वीज देणारा बूस्टर पुन्हापुन्हा ट्रिप होतो आणि दोष वायरिंगमध्ये शोधण्यात वेळ जातो.

वजनावर विकण्यातही लबाडी आहे. कोरडी बेसॉल्टची बारीक खडी १०० मिलिलिटरला साधारण दीडशे ग्रॅम भरते. निव्वळ लोखंडी ग्रिट त्याच मापात दुपटीहून जास्त भरते. म्हणजे अर्धा किलो घेतला तरी माल कमी मिळतो. एचओच्या एका मीटर रुळाला खांद्यांसकट (दोन्ही बाजूंच्या उतरत्या कडांसकट) अंदाजे १०० मिलिलिटर खडी लागते, त्यामुळे पाकीट अपेक्षेपेक्षा फार लवकर संपलं तर तिथेच थांबा आणि माल मोजा. औषधाच्या मापाचा कप आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे.

चुंबकाची परीक्षा बहुतेकांना सुचते, पण ती नीट करायला हवी. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतंच, त्यामुळे जोरदार निओडिमियम चुंबकाला खऱ्या दगडाचेही काही कण चिकटतात. तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. फ्रिजवर लावायचं साधं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. त्यालाही दाण्यांची दाढी लोंबली तर ते लोखंड. खात्रीसाठी एक चमचा माल मिठाच्या पाण्याने ओला करून बशीत रात्रभर उघडा ठेवा. दगड तसाच राहतो, लोखंड सकाळी तांबडं झालेलं असतं. भिंगाखाली बेसॉल्टचे दाणे सगळीकडून कोनदार दिसतात. फुटलेल्या शॉटच्या दाण्याला एखादी गोल बाजू उरलेली असते.

चिकटवून झालं असेल तर इंजिन आधी रुळावरून उचला. खडी कोमट पाण्याने भिजवून ठेवली की फेव्हिकॉल मऊ पडतो. मग चपट्या स्क्रूड्रायव्हरने सैल करून काढा, पॉइंटच्या ब्लेडजवळ मऊ ब्रशच वापरा. उरलेलं पिशवीतल्या चुंबकाने. रूळ वाळल्यावर सप्लायच्या वायरी सोडवा आणि दोन रुळांमधला रेझिस्टन्स मल्टिमीटरवर बघून कुठे शॉर्ट उरला नाही ना ते तपासा.

खरी खडी महाग नाही. खडी क्रशरवरची डस्ट आणा, पाणी नितळ होईपर्यंत धुवा, उन्हात वाळवा आणि चाळा. भारतीय रेल्वेची खडी २० ते ६५ मिलिमीटरची असते. १:८७ मध्ये ती पाव ते पाऊण मिलिमीटर होते. दीड मिलिमीटरचा दाणा म्हणजे खऱ्या रुळावर १३० मिलिमीटरचा धोंडा, तो चाळणीवरच राहू द्या. शेवटी निओडिमियम चुंबक फिरवून मॅग्नेटाइटचे कणही काढा, मोटारीला तेही नकोत. गोंदासाठी एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. वेदरिंग पाकिटातून येत नाही. खडी पूर्ण वाळल्यावर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि काळ्या ॲक्रिलिक रंगाचा अगदी पातळ वॉश दोन रुळांच्या मधे द्यावा, खांद्यांवर कमी, इंजिन थांबतं तिथे काळा जास्त.

पॅकबंद मालावर पॅकरचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे. आमच्या पाकिटांवर फक्त रंगीत स्टिकर होतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. विक्रेता ‘तुमच्या पाण्यानेच गंजलं’ म्हणतो, म्हणून प्रत्येक पाकिटातला थोडा माल न वापरता, यूपीआयच्या पावतीसोबत कोरड्या डबीत बाजूला ठेवा.