ई-ग्रामस्वराज: खर्च दिसतो, ग्रामसभा दिसत नाही

पंचायती राज मंत्रालयाचे हे पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झाले. लॉगिन न करता राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असे निवडत गेले की मंजूर विकास आराखडा आणि झालेला खर्च समोर येतो. हे मोठे काम आहे, त्याबद्दल पूर्ण गुण.

आराखडा आणि खर्च शेजारी ठेवून वाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित (फक्त त्याच कामांवर खर्च करायचा) होता. उरलेल्या ४० टक्क्यांतच गावाची खरी निवड कळते, म्हणून आधी तिकडे पाहा. "किरकोळ दुरुस्ती" असे मोघम नाव दिसले, तर अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापे नोंदवलेली वही) मागा.

लोकशाही मोजायला मात्र हे अपुरे. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती (किमान उपस्थिती) १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे मोजक्या लोकांनी संमत केलेला आराखडाही पोर्टलवर "मंजूर" असाच दिसतो. आमच्या मते ही सर्वांत गंभीर उणीव आहे.

उपाय: ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. मागायचे काय? ग्रामसभेच्या नोटिशीची तारीख, उपस्थिती नोंदवही, इतिवृत्त आणि त्याआधीच्या महिला ग्रामसभेचे इतिवृत्त. उत्तराची मुदत ३० दिवस. इतिवृत्तात ठरावांच्या सूचक-अनुमोदकांची नावे दरवेळी तीच असतील, तर चर्चा झाली का, हे गावात विचारा.