जुन्या बाजारातली टोनी स्कॉटची एलपी

अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवादक टोनी स्कॉटची ही तबकडी रविवारी जुन्या बाजारात एका पथारीवर सापडली. घासाघीस करून अडीचशेला. कव्हरचा कोपरा ओलीने फुगलाय, पहिली बाजू चांगलीच खरखरते. दुसरी मात्र स्वच्छ.

स्विंगचा, म्हणजे नाचायच्या जॅझचा, बहर ओसरला, सॅक्सोफोन पुढे गेला आणि क्लॅरिनेटला कुणी विचारेना. हा पठ्ठ्या १९५९ साली न्यूयॉर्क सोडून आशियात हिंडला आणि १९६४ साली जपानमध्ये कोतो (जपानी तंतुवाद्य) आणि शाकुहाची (बांबूची जपानी बासरी) वादकांबरोबर हे वाजवलं. ठेका नाहीच, सगळी संथ आलापी. क्लॅरिनेटचा खर्ज शाकुहाचीच्या फुंकरीत असा मिसळतो की कोण कुठे थांबलं कळत नाही. (आपल्याकडे क्लॅरिनेट म्हणजे वरातीचा बँड!) नाचायला घेणार असाल तर पैसे वाया. रात्री, पंखा बंद करून ऐका.