गोष्ट, वर्कशीट की अबॅकस?

जून उजाडला की घोडबंदर रोडला काय किंवा नेरुळला काय, सोसायटीच्या गेटवर क्लासची पत्रकं हातात पडायला लागतात. मूल चार-पाच वर्षांचं असलं की आईबाबांची घालमेल सुरू होते: वर्कशीटचा क्लास, अबॅकस (मण्यांच्या पाटीवरची आकडेमोड), की घरीच गोष्टींतून गणित? माझं मत आधीच सांगते. सहा वर्षांपर्यंत गोष्ट. पण कुठलीही नव्हे.

एका दमात पन्नासपर्यंत अंक म्हणणाऱ्या मुलाला ‘पाच वाट्या आण’ सांगून बघा. बरीच मुलं हाताला येतील तेवढ्या आणतात. एका वस्तूला एकच अंक द्यायचा आणि शेवटचा अंक म्हणजे ‘एकूण किती’, हे वेगळं शिकावं लागतं. गेलमन आणि गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची जी पाच तत्त्वं मांडली, त्यांत ही दोन आहेत. वर्कशीटची गोची इथेच होते. पानभर पाच-पाच आंबे आणि खाली ५ गिरवायचा. पहिला ५ दिसला की पुढचे आंबे कोण मोजतंय? पान पूर्ण, वर चांदणीही मिळते.

गोष्टीत मोजल्यावाचून पुढे सरकता येत नाही, निदान चांगल्या गोष्टीत तरी. पारख सोपी आहे: आकडा काढून टाका आणि गोष्ट तशीच उभी राहते का बघा. ‘जंगलात तीन ससे होते’ यातले तीन शोभेचे. चार केले तरी कोणाचं काही बिघडत नाही. ‘पिल्लं तीन आणि चिमणीने आणले दाणे दोन’ म्हटलं की पेच पडला. आता मूलच सांगेल, अजून एक आण. (बाजारातली ‘गणित गोष्टींची’ बरीच पुस्तकं या परीक्षेत नापास होतात.)

क्रमासाठी तर ठाणे-वाशी लोकल आहेच. ससोबाला ठाण्यानंतरच्या तिसऱ्या स्टेशनावर उतरायचंय: दिघा गाव, ऐरोली, रबाळे. झोप लागली आणि एक स्टेशन पुढे गेला, तर घणसोली. मग परत किती मागे यायचं? इथे बेरीज-वजाबाकीचं नावही न घेता दोन्ही होतात.

तरी नुसती तोंडी गोष्ट पुरत नाही. पायाभूत स्तराच्या (म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या) २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गणिताचा क्रम असा आहे: अनुभव, भाषा, चित्र, चिन्ह. गोष्ट दुसऱ्या पायरीवर येते, म्हणून सांगताना मुलाच्या हातात चिंचोके किंवा बटणं हवीत. वर्कशीट थेट तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उडी मारते. पण पहिली-दुसरीत लिहायचा सराव गोष्टीने होणार नाही. तिथे वर्कशीटच बरी. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद हेही पाठच करावं लागतं, त्याला चालीवर म्हणण्याइतका चांगला उपाय मला दिसलेला नाही.

अबॅकस वाईट नाही, चार वर्षांच्या मुलासाठी मात्र लवकर आहे. क्लासमधल्या जपानी पद्धतीच्या पाटीवर प्रत्येक दांडीला वरचा मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे. चारात एक मिळवायचा तर वरचा मणी खाली घ्यायचा आणि खालचे चारही काढायचे. पाच म्हणजे चार आणि एक, हे पक्कं नसलेल्या मुलासाठी ती नुसती बोटांची कवायत. सात-आठ वर्षांच्या, आकड्यांत रमणाऱ्या मुलाला तो वेग आवडतो, तेव्हा बघा.

मोबाइलवरच्या ॲपबद्दल फार लिहीत नाही. उत्तर चुकलं की मूल दुसरं बटण दाबतं, एवढं पुरे.

घरी गोष्ट सांगायला वेळच नसेल, दोघंही रात्री आठला लोकलमधून उतरत असाल, तर क्लास लावण्यात कमीपणा नाही. फक्त डेमोला मागे बसून दोन गोष्टी बघा: मुलांच्या हातात मोजायच्या वस्तू देतात का, आणि चुकीचं उत्तर आलं की बाई ‘कसं मोजलंस, दाखव’ म्हणतात की लगेच खोडरबर पुढे करतात.