बीटल्सच्या तबकड्या: मोनो की स्टिरिओ?

बीटल्सचा १९६३ सालचा ‘प्लीज प्लीज मी’ हा अल्बम दोनच ट्रॅकांवर (फितीवरच्या ध्वनिपट्ट्यांवर) ध्वनिमुद्रित झालेला असल्यामुळे त्याच्या स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा आवाज देणाऱ्या, प्रतीत वाद्ये डावीकडे आणि गळे उजवीकडे असे विभागून ऐकू येतात, आणि हेडफोनवर तर ते फारच खटकते; सगळा आवाज एकत्रच देणाऱ्या मोनो प्रतीत मात्र सारा वाद्यमेळ एकजीव होऊन येतो. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या मोनो मिश्रणाकडे (मुद्रित आवाजांचा अंतिम मेळ बसवण्याकडे) बीटल्सनी जातीने लक्ष दिले, तर स्टिरिओचे काम तुलनेने घाईत उरकले गेले. त्यातले ‘शी इज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोत किंचित जलद आणि चढ्या स्वरात आहे, आणि मला तेच अधिक भावते. १९६९ च्या ‘अ‍ॅबी रोड’ची ब्रिटनमध्ये मोनो प्रत निघालीच नाही. इतर अल्बमांची त्या काळातली मूळ मोनो प्रत परवडत नसेल, तर अ‍ॅनालॉग फितींवरून २०१४ साली काढलेली मोनो तबकडी घ्यावी. ओरखडलेल्या मूळ प्रतीपेक्षा ती केव्हाही सरस ठरते, मग संग्राहक काहीही म्हणोत.