लग्नाची ‘कॅसेट’ एचडीत हवी? साधी डीव्हीडी, एव्हीसीएचडी आणि ब्लू-रे यांचा हिशेब

मामेभावाचं लग्न कऱ्हाडला झालं. महिन्याभराने शूटिंगवाल्याने पेनड्राइव्ह आणून दिला. आत एकच भली मोठी फाइल: १९२० बाय १०८०, ३ तास १० मिनिटं, साधारण २८ जीबी. मामीने पेनड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात ठेवला. ‘हे कुठं खुपसायचं ते तुम्हा पोरांनाच ठाऊक. मला आपली कॅसेट मारून दे.’ आमच्याकडे लग्नाची असते ती कॅसेटच. व्हीएचएस जाऊन व्हीसीडी आली, व्हीसीडी जाऊन डीव्हीडी आली, शब्द काही हलला नाही.

पाठोपाठ पुण्याच्या काकांचा फोन: ‘मलाही एक दे, पण एचडीतच बरं का.’ मग न्यू जर्सीच्या मावसबहिणीचा मेसेज. तीन घरं आणि तिघांकडे तीन तऱ्हेची यंत्रं. त्या तिघांसाठी पंधरा दिवस जी खटपट केली, तिच्यावरून हा हिशेब मांडतोय.

आधी टीव्हीखालची पेटी बघा

दुकानात जाऊन ‘एचडीवाली कोरी डीव्हीडी आहे का?’ असं विचारणारे अजून भेटतात. तशी वेगळी डीव्हीडी मिळत नाही. एचडी डीव्हीडी नावाचा प्रकार २००६ मध्ये निघाला होता खरा, पण ब्लू-रे या दुसऱ्या एचडी तबकडीशी झालेल्या झुंजीत तो हरला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने त्याचा नाद सोडला. दुकानात मिळते ती ४.७ जीबीची साधी तबकडी. तिच्यावर काय लिहायचं हे आपल्या हातात असतं, पण ते चालणार की नाही हे प्लेयर ठरवतो.

डीव्हीडी प्लेयरचा लेसर तांबडा, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेचा निळा-जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. ब्लू-रे प्लेयरमध्ये दोन्ही असतात, म्हणून तो डीव्हीडीही वाचतो. उलटं होत नाही. आणि मामला नुसत्या लेसरचा नाही. व्हिडिओ दाबून लहान करायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. डीव्हीडी प्लेयरमधल्या चिपला त्यांतली एमपेग-२, फार तर डिवएक्स, तेवढी उलगडता येते. आपल्या एचडी फाइली असतात एच.२६४ या नव्या पद्धतीत. तबकडी तिला दिसते, वाचता येते, पण वाचलेलं कळत नाही.

मामीच्या प्लेयरवर ‘१०८०पी एचडीएमआय’ असा चकचकीत स्टिकर होता. त्याला भुलू नका. तो साध्या डीव्हीडीचं चित्र ताणून मोठं करतो, एवढाच त्याचा अर्थ. बघायची खूण वेगळी आहे: पुढच्या पट्टीवर ब्लू-रेचं चिन्ह आहे का, आणि शेजारी ‘एव्हीसीएचडी’ (साध्या तबकडीवर एचडी लिहायची पद्धत, पुढे येतेच) लिहिलंय का. फोनवर मामीला म्हटलं, ‘अगं, प्लेयरवर काय काय लिहिलंय ते वाच ना.’ तिने कंपनीच्या नावापासून व्होल्टेजपर्यंत सगळं वाचून दाखवलं. त्यात ब्लू-रे नव्हतं.

साधी डीव्हीडी: नावं ठेवू नका

साध्या डीव्हीडीचं पाल चित्र (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत) ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. एचडीत बरोबर पाचपट ठिपके असतात. म्हणजे दर पाचांतले चार आपण फेकून देतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण नीट उतरवलेली डीव्हीडी ३२ इंची टीव्हीवर आठ फुटांवरून बघितली तर घरच्यांची तक्रार येत नाही. तक्रार येते ती घाईत मारलेल्या डीव्हीडीबद्दल.

या घाईची परीक्षा अक्षतांच्या वेळी होते. एमपेगची सगळी बचत एका गोष्टीवर उभी आहे: आधीच्या चित्रातलं जे बदललं नाही ते पुन्हा साठवायचं नाही. सीमांतपूजनात भटजी बसलेले असतात, मागचा पडदा स्थिर असतो, थोडक्यात भागतं. ‘शुभमंगल सावधान’ झालं की दोनशे माणसं एकदम हात उडवतात आणि पडदाभर तांदूळ पडायला लागतात. प्रत्येक दाणा नव्या जागी. त्या क्षणी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणारी जागा, अपुरा असेल तर नवरानवरीच्या चेहऱ्यांच्या चौकटी-चौकटी होतात आणि मुंडावळ्यांचे मोती विरघळल्यासारखे दिसतात. नेमका जो क्षण लोक दहादा बघणार, तोच खराब.

म्हणून गणित आधी करा. ३ तास १० मिनिटं एकाच तबकडीवर कोंबली तर सेकंदाला जेमतेम ३.३ मेगाबिट वाट्याला येतात. दोन तबकड्या केल्या तर ६.६. डीव्हीडीची कमाल मर्यादा सगळं धरून १०.०८ असली, तरी एमपेग-२ ला ६-७ मध्ये लग्न छान दिसतं. मी दोन केल्या: सीमांतपूजन ते अक्षता पहिली, पंगतीपासून पाठवणीपर्यंत दुसरी. एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्रॅमला, दोन फेऱ्यांचा पर्याय असतो, तो घ्याच. पहिल्या फेरीत तो सगळं नुसतं बघून घेतो आणि दुसऱ्या फेरीत बसल्या कार्यक्रमाचे वाचलेले बिट अक्षतांना देतो. आवाज एसी-३ या दाबलेल्या रूपात ठेवा, २२४ किलोबिट पुरतात. पीसीएम, म्हणजे न दाबलेला, ठेवलात तर दीड मेगाबिट नुसता आवाजच खातो, आणि सनई-चौघड्याला त्याने फार फरक पडत नाही.

दुसरी मेख चित्र लहान करण्यात आहे. आपल्याकडचं बरंच शूटिंग ५०आय म्हणजे इंटरलेस्ड असतं: सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं, एक सम ओळींचं, एक विषम ओळींचं. ती वेगळी न करता सरळ लहान केली की नाचणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दात येतात. आधी डीइंटरलेस करा, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून घ्या, मग लहान करा. शेवटी १६:९ ची खूण करायला विसरू नका, नाहीतर जुन्या-नव्या टीव्हीवर सगळं वऱ्हाड उंच आणि बारीक दिसतं. मेन्यूसकट डीव्हीडी बांधायला डीव्हीडीस्टायलर हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि पुरेसं आहे.

आता गंमत. एवढं सगळं करून मामीकडे गेलो, तर चित्र धूसरच. प्लेयरच्या मागे वाकून पाहिलं. पिवळी-लाल-पांढरी वायर लावलेली, आणि शेजारचं एचडीएमआयचं भोक नव्यासारखं कोरं. पिवळ्या वायरीतून रंग आणि प्रकाश एकाच तारेत कालवून जातात, त्यामुळे मूळ डीव्हीडीतलंही सगळं पोहोचत नाही. नाक्यावरून एचडीएमआय वायर आणली. माझ्या दोन रात्रींच्या एन्कोडिंगपेक्षा त्या वायरीने जास्त काम केलं, हे कबूल करतो.

साडेआठ जीबीची दुहेरी थराची तबकडी घेऊन सगळं एकातच बसवायचा मोह होतो. जुने प्लेयर तिच्यावर कुरकुर करतात आणि थर बदलताना चित्र क्षणभर थबकतं. तीनपेक्षा जास्त जणांना वाटायची असेल तर नकोच.

साध्या तबकडीवर खरी एचडी: एव्हीसीएचडी

काकांकडे ब्लू-रे प्लेयर, म्हणून त्यांच्यासाठी हा रस्ता. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये एव्हीसीएचडी काढलं, मुळात हँडीकॅमसाठी. त्या काळी काही हँडीकॅममध्ये ८ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी जायची आणि तिच्यावर थेट एच.२६४ एचडी चित्रण व्हायचं. त्याच मांडणीने घरच्या मोठ्या डीव्हीडीवर एचडी लिहिता येतं. व्हिडिओ_टीएस फोल्डरऐवजी बीडीएमव्ही फोल्डर, म्हणजे ब्लू-रेचीच रचना, पण तबकडी डीव्हीडीची. एव्हीसीएचडी चिन्ह असलेले ब्लू-रे प्लेयर आणि प्लेस्टेशन ३ ती मजेत चालवतात. चित्र पूर्ण १९२० बाय १०८०.

ग्यानबाची मेख वेळेत आहे. डीव्हीडीवर एव्हीसीएचडीची मर्यादा सेकंदाला १८ मेगाबिट. डीव्हीडीचा एकपट वेग ११ मेगाबिट, म्हणजे तबकडी दुपटीच्या आसपास फिरवून जेवढं सुरळीत मिळेल तेवढं. १८ ने ४.७ जीबीची तबकडी ३५ मिनिटांत संपते. १२ वर उतरलात तर ५० मिनिटांच्या वर जाते, आणि एच.२६४ असल्यामुळे १२ सुद्धा बरं दिसतं. पण आमचं सबंध लग्न पूर्ण दर्जात घ्यायचं तर सहा तबकड्या. मंगलाष्टकं अर्धी झाली की काकांनी उठून तबकडी बदलायची? मी त्यांना निवडक ३२ मिनिटं काढून दिली आणि ती एकच तबकडी सगळ्यांत देखणी झाली.

करायला थोडी चिकाटी लागते. मूळ फाइल १८ च्या आत आणि ब्लू-रेच्या नियमांत असेल तर टीएसमक्सर हा प्रोग्रॅम पुन्हा एन्कोड न करता मिनिटांत फोल्डर बांधून देतो. माझी २० ची होती, म्हणून एन्कोड करावीच लागली. मेन्यू हवा तर मल्टीएव्हीसीएचडी. लिहिताना इम्गबर्न या तबकडी मारायच्या प्रोग्रॅममध्ये फाइल सिस्टिम (तबकडीवर फाइली मांडायची पद्धत) यूडीएफ २.५० निवडायची, इथेच बहुतेकांची पहिली तबकडी वाया जाते. पहिला प्रयोग रिरायटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या, तबकडीवर करा.

आणि ही तबकडी साध्या डीव्हीडी प्लेयरवाल्याच्या हाती चुकूनही देऊ नका. ती चालत नाही एवढ्यावर भागत नाही. हँडीकॅमच्या पुस्तिकांत इशारा छापलेला असायचा, की एव्हीसीएचडी न समजणाऱ्या यंत्रात ती अडकून बसू शकते किंवा तिच्यावरचं पुसलंही जाऊ शकतं. मी काकांच्या तबकडीवर मोठ्या अक्षरांत ‘फक्त ब्लू-रे’ लिहिलं.

ब्लू-रे: एकाच तबकडीत सगळं, पण

२५ जीबीच्या बीडी-आरवर, म्हणजे कोऱ्या ब्लू-रे तबकडीवर, आमचं अख्खं लग्न साडेसतरा मेगाबिटने बसतं. म्हणजे एव्हीसीएचडीच्या सहा तबकड्यांचं काम एका तबकडीत, जवळजवळ त्याच दर्जात. हिशेब इथे संपायला हवा होता. पण त्यासाठी ब्लू-रे रायटर लागतो, तो काही हजारांत जातो आणि दोनचार तबकड्यांसाठी घेणं परवडत नाही. बाजारही आटत चाललाय. सॅमसंगने २०१९ मध्ये प्लेयरमधून अंग काढलं, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणं थांबवलं. मिळतात त्यांतही एलटीएच नावाच्या स्वस्त तबकड्या जुने प्लेयर नाकारतात. वर्षाला पाच-दहा लग्नं करणारा शूटिंगवाला असाल तर जरूर घ्या. घरगुती कामाला मी घेतला नाही.

मोबाइलवरचं चित्रण लावणार असाल तर एक ध्यानात ठेवा: १०८०पी, सेकंदाला ६० चित्रं हे ब्लू-रेच्या मूळ नियमांत बसत नाही. २४ चित्रांचं १०८०पी, इंटरलेस्ड किंवा ७२०पी यांतलं काहीतरी करून घ्यावं लागतं.

सरळ फाइलच कॉपी केली तर?

टीव्हीला यूएसबी असेल आणि बघणारा पन्नाशीच्या आतला असेल तर तबकडीच्या भानगडीत कशाला पडता? फक्त फॅट३२ या जुन्या मांडणीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि नव्या फोनचं एच.२६५ जुन्या टीव्हीला कळत नाही. डीव्हीडी प्लेयरच्या यूएसबीवर मात्र विसंबू नका. बहुतेकांची मजल डिवएक्सपर्यंतच.

न्यू जर्सीचा प्रश्न असाच सुटला. अमेरिकेत टीव्हीची पद्धत एनटीएससी, आपली पाल. तिथले बरेच डीव्हीडी प्लेयर आपली पाल तबकडी घेत नाहीत आणि ब्लू-रे प्लेयर ५० हर्ट्झचं चित्रण नाकारतात. आपले प्लेयर दोन्ही चालवतात, त्यामुळे ही गोष्ट इथे कुणाच्या लक्षातच येत नाही. बहिणीला फाइलची लिंक पाठवली, मोकळा झालो.

मारताना

पहिल्या प्रयत्नात डीव्हीडी मी १६ पट वेगाने मारली. कॉम्प्युटरवर झकास चालली, मामीकडे सप्तपदीच्या चौथ्या पावलावर अडकली. आठने मारा, शेवटी व्हेरिफाय करा आणि ज्या घरी द्यायची तिथल्याच प्लेयरवर शेवटची दहा मिनिटं बघा. तबकडीचा काठ शेवटी लिहिला जातो आणि गोंधळ तिथेच होतो. कागदी स्टिकर चिकटवू नका, फिरताना तोल जातो. पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहा. कोऱ्या तबकड्या बनवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेल्यापासून दुकानात कुठली कुठली नावं दिसतात. दहाचा गठ्ठा घेण्याआधी दोन घेऊन तपासा. रायटेबल तबकडीतला रंग ऊन आणि दमट हवेने उतरतो, म्हणून मूळ २८ जीबीची फाइल हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवली आहे.

परवा मामीकडे सगळे जमले होते. अक्षतांपाशी मामीने चित्र थांबवलं. ‘तो मागच्या रांगेतला फेट्यातला माणूस कोण रे?’ पुढे सरकून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. फेटा भगवा एवढंच कळत होतं, चेहऱ्याच्या जागी नुसता गव्हाळ ठिपका. शेवटी काकांना फोन लावला. त्यांनी आपली तबकडी लावली, तिथेच थांबवली आणि हसत म्हणाले, ‘अगं, तो आपला बँडवाला. मिशीला तांदूळ लागलाय बघ.’